दीपमाळेचं पंचांग

माझा नवरा 'ताऱ्यांचा संसार' या विषयावर व्याख्यान देतो. पडद्यावर आधी एक निळा, अगडबंब तारा उगवतो. मग त्याच्याभोवती भिरभिरणारा, सांगली-मिरजेत सहज मावेल एवढासा न्यूट्रॉन तारा. मग डॉ. अभिराम आगटे आवाज खाली आणून म्हणतात, "ती देत राहते, तो घेत राहतो, आणि या देण्याघेण्यातूनच उजेड होतो." सभागृह उसासा टाकतं. निवृत्त प्राध्यापक बायकोचा हात हातात घेतात. मी पहिल्या रांगेत बसून जांभई गिळते, कारण कॅमेरा अधूनमधून माझ्यावरही येतो.

तारे संसार करत नाहीत. निळा महातारा इतका प्रखर असतो की त्याचा स्वतःचाच उजेड त्याची कातडी सोलून बाहेर भिरकावतो. हा झाला त्याचा वारा. सेकंदाला हजार-दीड हजार किलोमीटर वेगाने तो दाही दिशांना सुटतो, कोणाला काही द्यावं म्हणून नव्हे. त्यातला एक क्षुल्लक हिस्सा जवळून फिरणाऱ्या न्यूट्रॉन ताऱ्याच्या ओढीत सापडतो, त्याच्यावर कोसळतो, कोसळताना कोट्यवधी अंश तापतो आणि क्ष-किरण फेकतो. गळकी टाकी आणि तिच्याखाली योगायोगाने असलेली बादली, एवढंच हे प्रकरण. पण बादलीला कोणी टाळ्या वाजवत नाही.

मी केतकी आगटे, माहेरची धुमाळ, तासगावची. मिरजेच्या वेधभवनात मी आणि अभिराम दोघंही याच एका जोडीवर काम करतो. ती आमच्याच संस्थेला सापडली, म्हणून तिचं नाव दीपमाळ. न्यूट्रॉन तारा स्वतःभोवती फिरतो आणि दर फेरीला त्याचा क्ष-किरणांचा झोत आपल्यावरून जातो. पावणेदोन सेकंदांना एक ठोका. असे ठोके मोजून अवकाशयानाला आपण कुठे आहोत हे कळू शकतं. ठोका पृथ्वीवर कधी पोचायला हवा हे आधी माहीत असतं. यानाला तो जितका लवकर किंवा उशिरा ऐकू येईल, तितकं ते अलीकडे किंवा पलीकडे. सेकंदाच्या सहस्रांशाची चूक झाली तर जागा तीनशे किलोमीटरने चुकते.

या कामाला खरं तर एकटे, गरीब, मंद तारे वापरावेत. त्यांच्यावर काही कोसळत नाही, त्यामुळे त्यांचा ठोका बिघडत नाही. पण ते मंद असल्याने त्यांना पाहायला यानावर मोठा डोळा लागतो. 'दिग्विजय' यानावर तसा डोळा ठरलाही होता. पुढे मंगळाकडे निघालेल्या तिघांचं थेट प्रक्षेपण करायला चार जादा कॅमेरे बसवायचं ठरलं, आणि वजन कुठून कापायचं या प्रश्नाचं उत्तर डोळ्यातून निघालं. आता छोट्या डोळ्याला दिसेल असा झगझगीत तारा हवा होता. अभिराम उभा राहिला आणि म्हणाला, आपली दीपमाळ आहे की. बैठकीत लोकांनी बाकं वाजवली. आपल्या ताऱ्यावर आपली वाट, असं कोणीतरी लगेच घोषवाक्यही केलं. यानाचं नाव दिग्विजय ठेवणाऱ्यांकडून याहून वेगळी अपेक्षा करणं चूक आहे. मंगळावर जिंकायला कुत्रंसुद्धा नाही.

झगझगीत ताऱ्याचा दोष असा की त्याच्यावर वारा कोसळत असतो, आणि कोसळणारा वायू त्याला फिरवतो. जात्याचा खुंटा फिरत्या दिशेने ढकलला तर जातं वेग घेतं, उलट ढकलला तर मंदावतं. दीपमाळ गेली अकरा वर्षं वेगच घेत होती. जास्त वारा पडला की ती जास्त चमकते आणि जास्त वेग घेते, असा सरळ हिशेब अभिरामने बांधला होता. यानाने चमक पाहायची आणि त्यावरून ठोका दुरुस्त करायचा. सूत्र देखणं आहे, मी नाही म्हणत नाही. पण महाताऱ्याचा वारा पिठासारखा सारखा नसतो, त्यात ढेकळं असतात. एखादं मोठं ढेकूळ दुसऱ्या अंगाने गेलं की पकडलेला वायू उलट्या दिशेने गरगरू लागतो. अशा इतर जोड्यांत हे घडलेलं आहे, काही सूचना न देता. चमक तेवढीच राहते, खुंटा मात्र उलटा ढकलला जातो. तेव्हा अभिरामचं सूत्र दुरुस्ती करायची सोडून चूक दुप्पट करतं. हे मी लिहून दिलं होतं. अहवाल छापून आला तेव्हा ते पान नव्हतं. लोकांचा गोंधळ होतो, असं अभिराम म्हणाला होता.

तरीही फार बिघडलं नसतं. तारा उलटला की पृथ्वीवरून यानाला तसं कळवता येतं. पण उड्डाणाला यायच्या प्रमुख पाहुण्यांना सवड नव्हती, ती मिळाली तेव्हा मुहूर्त नव्हता, आणि दोन्ही जुळेपर्यंत उड्डाण इतकं लांबलं की यान मंगळापाशी पोचायच्या वेळी मंगळ नेमका सूर्याच्या पाठीमागे. दोन आठवडे रेडिओ बंद. त्या मुक्या काळातच यानाला इंजिन पेटवून वेग कमी करायचा होता आणि मंगळाच्या कक्षेत शिरायचं होतं, तेही पृष्ठभागापासून तीन-साडेतीनशे किलोमीटरवरून. वाट दाखवायला एक दीपमाळ. ती उलटली तर मी काढलेली चूक पाच-सहा हजार किलोमीटरची होती. म्हणजे एक तर मंगळ हुकणार, नाहीतर तो थेट अंगावर येणार.

यानात तिघं होते. त्यांतला एक माझा धाकटा भाऊ, विक्रांत.

ठोक्यांच्या भाकिताला वेधभवनात पंचांग म्हणतात, आणि त्याच्यावर दोन गणितींच्या सह्या लागतात. दोघांनी स्वतंत्र गणित करायचं, सही होईपर्यंत एकमेकांचे आकडे पाहायचे नाहीत, त्याबद्दल बोलायचंही नाही. याला संस्थेत सोवळं म्हणतात. उड्डाणाआधी दोघांची नावं यानाच्या संगणकात कोरली जातात. त्या दोन सह्यांशिवाय यान पंचांग वाचतच नाही आणि तिसऱ्या कोणाची सही चालत नाही. पंचांग नसेल तर यान इंजिन न पेटवता मंगळाला लांबून वळसा घालून आपोआप घरी येतं. व्यवस्था शहाणपणाची आहे. फक्त त्यात नावं कोरली ती नवराबायकोची. चाळीस माणसांच्या संस्थेत दीपमाळेवर काम करणारे दोघंच, आणि ते दोघं एका ताटाळ्यातली भांडी वापरणारे. सोवळ्याच्या आठवड्यात आमच्या घरात भाजी आणि पाणी यांखेरीज विषय नसायचा. लग्नाची ती सगळ्यात चांगली सवय होती, असं माझं मत आहे.

त्या वेळी ते सोवळं अभिरामनेच मोडलं. पोहे खाताखाता, बशीत बघत, त्याने विचारलं की चिन्ह अधिकच धरलं आहेस ना, म्हणजे ती वेगच घेत राहणार असं. मी म्हटलं की मी चिन्ह धरलेलंच नाही, कारण मला ते माहीत नाही. तो हसला. व्याख्यानात अडाणी प्रश्न आला की तो असाच हसतो. अकरा वर्षांत ती एकदाही उलटलेली नाही, असं त्याने मला समजावून सांगितलं, जणू ती निरीक्षणं मी केलेली नव्हती. मग विचारलं, तुझ्या हिशेबाने शक्यता किती. मी सांगितलं, त्या दोन आठवड्यांत साधारण विसांत एक. त्याचा चेहरा उजळला. म्हणजे पंच्याण्णव टक्के यश, तो म्हणाला, आणि अजून एक वाटी शेव मागितली. विसांतली एक एसटी दरीत जाते असं कळल्यावर त्या गाडीत हा माणूस स्वतःची बॅगसुद्धा ठेवणार नाही.

मी सही करणार नाही असं कळवल्यावर संचालकबाईंनी, डॉ. लीना सबनीसांनी, बोलावून घेतलं. त्यांनी दोनदा चहा मागवला, माझ्या कामाचं कौतुक केलं, आणि विज्ञानात शंका असावीच पण तिला वेळकाळ असावा असं सांगितलं. देश बघतोय, म्हणाल्या. देश कॅमेऱ्यातून बघतोय आणि यानाला डोळा नाही, हे मी बोलले नसते तर कदाचित तिसरा चहाही आला असता. त्यांनी मग अखेरचं अस्त्र काढलं. भाऊ यानात असल्यामुळे तुमचा तोल गेलाय असं लोक म्हणतील. मी म्हटलं, म्हणू देत. भाऊ यानात नसता तर याच लोकांनी मला निर्दय म्हटलं असतं.

आईचा तासगावहून फोन आला तो संध्याकाळी. तिला गणितातलं काही कळत नव्हतं आणि तिने तसं सोंगही आणलं नाही, हे तिचं मोठेपण. "आगं, पोरानं जल्मात दुसरं काय मागितलं न्हाई," ती म्हणाली. "तुज्या एका सहीवर आडलंय म्हनं. घरचीच सही, आन् घरच्यालाच नको?" मी तिला म्हटलं की तो परत यावा म्हणूनच करत नाहीये. ती हळूच म्हणाली, "तो न्हाई असं म्हनत." विक्रांतचा निरोप तिला आधीच पोचला होता तर.

विक्रांतचा निरोप दुसऱ्या दिवशी सकाळी वेधभवनात आला. यान इतकं दूर होतं की बोललेलं पोचायला वीसेक मिनिटं लागत. त्यामुळे संभाषण असं नसतंच, एकाने बोलून घ्यायचं आणि दुसऱ्याने ऐकून घ्यायचं. पडद्यावर तो दाढी वाढलेला, गाल ओघळायला वजनच नसल्यामुळे पोरसवदा दिसणारा. मागे त्या चार कॅमेऱ्यांतले दोन दिसत होते.

"ताई, दाजींनी सगळं सांगितलंय, तुझा आकडापण सांगितलाय," तो म्हणाला. "आम्ही तिघं बसून बोललो. विसांत एक आम्हाला चालतंय. इथवर येतानाच त्याहून मोठे धोके झालेत, ते तुला विचारून नाही घेतले. जीव आमचा आहे. तुझी भीती माझ्या नावावर खपवू नकोस. सही कर."

त्याचं बोलणं मला आवडलं नाही, पण पटलं. तेच वाईट होतं. सबनीसबाईंना, अभिरामला, घोषवाक्यवाल्यांना तुच्छ लेखणं सोपं होतं, त्यासाठी मला काही कष्ट पडत नाहीत. याला तुच्छ लेखता येईना. लहानपणी विहिरीत उडी मारायच्या आधी तो काठावर उभा राहून असाच बघायचा, परवानगी मागत नव्हे, फक्त सांगत. मला तो फार आवडतो. त्या क्षणी सही करावी असं मनापासून वाटलं, आणि त्याबद्दल स्वतःचीही थोडी किळस आली.

मी बोलायला बसले तेव्हा अभिराम आणि सबनीसबाई काचेपलीकडे उभे होते.

"विकी, तुला चालतंय हे मला मान्य आहे," मी म्हटलं. "पण त्या कागदावर 'चालेल' असं लिहिलेलं नाही. पंचांगावर सही म्हणजे हे ठोके खरे आहेत असं म्हणणं. ते खरे आहेत का, मला माहीत नाही. दाजींनाही माहीत नाही, ते फक्त तसं बोलत नाहीत. मला माहीत नसलेल्या गोष्टीला मी खरं म्हणणार नाही, तुझ्यासाठी तर नाहीच. आणि तू माझा भाऊ आहेस, तेही यात आहे. ते मी लपवत नाही."

त्याचं उत्तर यायला वेळ होता. ते आलंच नाही. मंगळ सूर्याच्या मागे गेला आणि रेडिओत नुसती खरखर राहिली.

त्या दोन आठवड्यांत मी दीपमाळेवरून नजर हटवली नाही. ती सूर्याच्या बाजूला नव्हती, पृथ्वीभोवतालच्या दुर्बिणींना ती व्यवस्थित दिसत होती. आणि ती एखाद्या शाळेत पहिला येणाऱ्या मुलासारखी सरळ वागली. वारा पडला की चमकली, चमकली की वेग घेतला, अभिरामच्या सूत्राबरहुकूम, दशांशाच्या सहाव्या घरापर्यंत. अभिराम रोज जेवताना एकच वाक्य बोलायचा, "सरळच आहे." सोवळं संपल्यामुळे त्याला आता बोलायला मोकळीक होती. तिकडे सूर्यामागे दिग्विजय यान इंजिन न पेटवता मंगळावरून निघून गेलं. विक्रांतने ठरवल्याप्रमाणे खिडकीतून चित्रं घेतली असणार. सही असती तर तो त्या दिवशी कक्षेत असता, धडधाकट.

यान सूर्याआडून बाहेर आल्यावर त्याचा पहिला निरोप सगळ्या देशाला उद्देशून होता. आम्ही सुखरूप आहोत, परत येतो आहोत. माझं नाव नव्हतं.

पुढचं सांगण्यासारखं नाही, पण मजेशीर आहे. वर्तमानपत्रांनी मला 'सही न करणारी बाई' केलं. आमच्या कॉलनीच्या गणेशोत्सवात 'शंका : विज्ञानाची की बाईची' असा परिसंवाद झाला आणि त्याचा अध्यक्ष एक दंतवैद्य होता. चौकशी समितीने माझं गणित अचूक आणि माझा निर्णय दुर्दैवी असं ठरवलं, म्हणजे दोन्ही बाजूंना फराळ दिला. सबनीसबाईंनी मला प्रदर्शनकक्षात टाकलं. तिथे मी शाळांच्या सहलींना गळक्या टाकीची गोष्ट सांगत असे. मुलं लक्ष देऊन ऐकत, बाई मागून फोटो काढत. अभिराम वरच्या खोलीत राहायला गेला. विक्रांत परतला, सत्कार झाले, तासगावात मिरवणूक निघाली. मी गेले नाही. त्याने बोलावलंही नाही. आई म्हणायची, दम धर. मी दम धरला, कारण दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

पुढच्या माघात दीपमाळ उलटली. चमक वाढली आणि ठोका मंदावला. कसलीही चाहूल नाही, जशी नसते तशी. अभिरामचं सूत्र तिच्यामागे उलट्या दिशेने धावत सुटलं. दोन आठवड्यांनी चूक मोजली तेव्हा ती पाच हजार सातशे किलोमीटरची भरली. माझं गणित बरोबर आलं याचा आनंद मला किती झाला हे सांगायला लाज वाटत नाही. मी बेसनाचे लाडू केले आणि एकटीने खाल्ले.

अभिरामने तिसऱ्याच दिवशी पत्रकार बोलावले. वेधभवनाने ही शक्यता पहिल्यापासून ध्यानात घेतली होती, असं तो म्हणाला. या द्रष्टेपणामुळेच तीन वीरांचे प्राण वाचले. आणि ही शंका प्रथम काढणारी व्यक्ती आपल्याच घरातली, असं म्हणून त्याने थोडा थांबून, ओला आवाज काढून माझं नाव घेतलं. सबनीसबाईंनी मला प्रदर्शनकक्षातून काढून व्यासपीठावर बसवलं. हारात निशिगंध होता, मला त्याने शिंका येतात. ज्या दंतवैद्याने माझ्यावर परिसंवाद घेतला होता, त्याने माझा सत्कार करायचं ठरवलं. मी जाहीरपणे म्हटलं की मी कोणाचे प्राण वाचवलेले नाहीत. लोकांनी तो विनय समजून पुन्हा टाळ्या वाजवल्या. शिव्या देणाऱ्यांपेक्षा हार घालणाऱ्यांचा मला जास्त तिटकारा आला. शिव्या देणाऱ्यांनी निदान माझं बोलणं ऐकलं होतं.

विक्रांत रविवारी दुपारी, जेवणाच्या वेळेला, न कळवता दारात उभा राहिला. अभिराम कोल्हापूरला व्याख्यानाला गेला होता. विक्रांत आत आला पण बसला नाही. चालताना अजून जपून पाऊल टाकत होता, इतके महिने बिनवजनाचा राहिल्यामुळे. बारीक झाला होता. पाणी घेतलं, भांडं ओट्यावर ठेवलं आणि माझ्याकडे न बघता विचारलं.

"त्या दिवसांत ती उलटली नव्हती ना?"

"नव्हती."

"एकदाही?"

"एकदाही नाही. मी रोज बघत होते."

"म्हणजे तू सही केली असतीस तर आम्ही कक्षेत गेलो असतो."

"गेला असता. सुखरूप."

त्याने मान हलवली. त्याला हेच ऐकायचं होतं की याच्या उलट, मला कळेना. तो म्हणाला की दाजी सगळीकडे सांगत सुटलेत, ताईने तुमचा जीव वाचवला म्हणून. लोक रस्त्यात थांबवून त्याला म्हणतात की बहिणीचे पाय धुऊन पी. आईनेसुद्धा माझ्या नावाने देवाला नारळ फोडला.

"तू नाही वाचवलास," तो म्हणाला.

"नाही वाचवला. त्या दिवशी काहीच होणार नव्हतं."

"मंगळ इतका मोठा झाला होता, ताई, की खिडकीत मावेना. मग तो लहान होत गेला. आम्ही तिघं बघत बसलो." मग त्याने विचारलं, "परत तसंच आलं, तोच आकडा, तीच माणसं, तर सही करशील?"

"नाही."

"आता उत्तर माहीत असूनपण?"

"आता माहीत आहे. तेव्हा नव्हतं."

त्याने आता सरळ माझ्याकडे बघितलं. मी नजर काढून घेतली नाही. वर्षभर मी जगाला तुच्छ लेखून निभावून नेलं होतं, आणि त्यातलं काहीही या माणसासमोर उपयोगाचं नव्हतं. मला तो हवा होता, एवढंच खरं होतं.

"मला तुझा अजून राग येतो," तो म्हणाला. "हार बघितल्यावर जास्तच येतो. तो जाईल असं वाटत नाही."

"नको जाऊ दे," मी म्हटलं. "पण इथे समोर बसून रागाव."

मी त्याचं ताट घेतलं. तो खुर्चीची पाठ धरून उभा होता. मग त्याने ती ओढली आणि बसला.